उंच केलेल्या जीपला कायद्यात जागा द्या

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री



मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातला शेतकरी. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, गावापासून सव्वातीन किलोमीटर आत आमची वस्ती आहे. सीताफळाची बाग, थोडी ज्वारी-तूर, चार म्हशी आणि वडिलांनी १९९७ साली नवी घेतलेली महिंद्राची जीप, एवढा आमचा पसारा. हे पत्र त्या जीपच्या उंचीबद्दल आहे. ज्या कायद्यात हा विषय बसतो तो मोटार वाहन सुधारणा कायदा २०१९ मध्ये आपणच संसदेत मांडला होता. या कुलपाची किल्ली राज्याच्या परिवहन खात्याकडे नसून केंद्राकडे आहे, म्हणून थेट आपल्याला लिहितो.

मागणी आधीच सांगतो. शेतवस्तीवर राहणाऱ्या माणसाला आपली फोर व्हील ड्राइव्ह गाडी थोडी उंच करायची असेल, तर ती कुठपर्यंत उंच करता येईल, कोणत्या सामानाने, कोणाच्या हातून आणि कोणाच्या तपासणीने, याचा नियम करा आणि त्या बदलाची नोंद आरसी बुकात होऊ द्या. आज यातलं काहीच नाही. म्हणून गरजवंत आणि हौशी दोघंही चोरून गाड्या उंच करतात, आणि त्या गाड्या रात्रीच्या रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवावर उठतात. हे मी ऐकीव सांगत नाही. त्यातला एक मी होतो.

आमची वाट कशी आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाव ते वस्ती ही पाणंद आहे. पहिला किलोमीटर काळ्या मातीचा. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती साबणासारखी होते. पुढे ओढा, आणि ओढ्यापलीकडे खडकाळ चढ. दर पावसाळ्यात पाणी माती धुऊन नेतं आणि दगड उघडे पाडतं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यात सिंदफणेच्या काठची शेतं मातीसकट गेली हे आपण जाणताच. आमच्याकडे पाणी ओसरल्यावर ओढ्यात गुडघ्याएवढे धोंडे येऊन पडले होते. सीताफळाचा हंगाम याच दिवसांत सुरू होतो. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण झाडावर डोळा उघडलेलं फळ मानांकनासाठी थांबत नाही. दोन दिवसांत बाजार गाठला नाही तर ते क्रेटमध्येच फुटतं. दूध तर दोन वेळा न्यावंच लागतं. ट्रॅक्टर आहे की, असं कोणी म्हणेल. पण प्रत्येकाकडे ट्रॅक्टर नाही, आणि बाळंतीण किंवा म्हातारं माणूस ट्रॉलीत घालून नेण्याची पाळी कोणावर येऊ नये.

तर २०१८ साली मी जीप उंच करून घेतली. एका गॅरेजवाल्याने पाटे चॅसीला जोडणारे पुढचे-मागचे शॅकल काढून चार इंच जास्तीचे लांब शॅकल टाकले, प्रत्येक पाट्यात एकेक पान वाढवलं, म्हणजे चॅसी तीन इंच वर गेली, आणि टायर मोठे बसवले. हेडलाइटमध्ये जुने बल्ब काढून पांढरे एलईडी टाकले. "भाऊ, आता कुठंबी घाला," असं म्हणून त्याने किल्ली हातात दिली. जीप रुबाबदार दिसत होती हे कबूल करतो. गावात चार लोक थांबून बघायचे.

तीन वर्षं ती तशी चालवली आणि त्या तीन वर्षांत जे शिकलो ते कोणत्याही गॅरेजच्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

पहिली गोष्ट म्हणजे, पाटे उंच केले की चॅसी वर जाते, अॅक्सल जागेवरच राहतो. अॅक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा जो फुगीर भाग असतो तोच आमच्या ओढ्यातल्या दगडावर बसतो, आणि तो पाट्यांमुळे एक सूतही वर आला नव्हता. तो जेवढा वर आला तेवढा फक्त टायरमुळे. पाटे उंच करण्याचा खरा फायदा एवढाच, की मोठ्या टायरला चाकाच्या कमानीत जागा मिळते आणि चढाच्या तोंडाशी बंपर जमिनीला टेकत नाही. म्हणजे ज्या कामासाठी मी तीन इंच घेतले, ते काम दीड-दोन इंचांत भागलं असतं. हे मला कोणी सांगितलं नाही, कारण हे सांगायला कोणी अधिकृत माणूसच या धंद्यात नाही.

दुसरं, स्टेअरिंग. आमच्या जुन्या जीपमध्ये पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की अॅक्सलचा माथा किंचित पुढे कलतो. या कलण्यामुळे चाकाची सरळ धावण्याची ओढ कमी होते. डांबरी रस्त्यावर पन्नासच्या पुढे गेलं की जीप डावी-उजवीकडे भटकायची आणि हात सतत स्टेअरिंगवर घट्ट ठेवावे लागायचे. खड्डा आला की स्टेअरिंग आपोआप हिसका द्यायचं. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढल्यामुळे दोनदा क्रॉस गेले. टायर मोठे झाल्यामुळे वेगाचा काटा खोटं बोलायला लागला. अठ्ठावीस इंची टायरच्या जागी एकतीस इंची बसवला, तर काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी सहासष्टवर असते. चालवणाऱ्याला वाटतं आपण सावकाश आहोत.

तिसरं मी स्वतः पाहिलं म्हणून आजही अंगावर काटा येतो. एकदा ओढ्यात मागचं उजवं चाक खड्ड्यात लोंबलं आणि मी खाली वाकलो. चॅसीपासून अॅक्सलपर्यंत जाणारा ब्रेकचा रबरी होज सतारीच्या तारेसारखा ताणला गेला होता. अजून एक इंच, आणि तो निपलमधून निसटला असता. जुन्या उंचीच्या मापाचा होज नव्या उंचीवर तसाच ठेवला होता. त्याच होजच्या भरवशावर मी मांजरसुंब्याचा घाट उतरत होतो, मागे बारा क्रेट आणि शेजारी मुलगा.

आणि तोल. समजा दोन चाकांमधलं अंतर १३० सेंटिमीटर आहे आणि गाडीचा भार ज्या बिंदूत एकवटतो तो जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे. अशी गाडी कागदावर ४५ अंशांना कलंडते. तोच बिंदू साडेसात सेंटिमीटर वर नेला तर ती ४२ अंशांच्या आतच कलंडते. तीन अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण वळणावर वेग वाढला, समोरून टिपर आला आणि स्टेअरिंग झटक्यात फिरवावं लागलं, तर ते तीन अंशच सगळा हिशेब करतात.

तरीही मी जीप खाली आणली नव्हती. ती खाली आणली ती २०२१ च्या नोव्हेंबरातल्या एका रात्रीने.

दिवाळी झाली होती. आमच्या जिल्ह्यात त्या दिवसांत काय चाललेलं असतं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाचट-पत्रे, भांडी, शेळ्या, लेकरं. कोणी बैलगाडीने, कोणी मोटारसायकलवर. मी मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे येत होतो. मागे क्रेट भरलेले, त्यामुळे जीपचं नाक वर उचललेलं. समोरून एक मोटारसायकल आली. मी डिपर दिला होता, हे मी शपथेवर सांगतो. तरी ती मोटारसायकल माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू साइडपट्टीकडे सरकत गेली आणि खाली उतरून बाभळीच्या झुडपात आडवी झाली.

मी धावलो. नवरा-बायको आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. मागे बांधलेल्या बोचक्यातून पातेली बाहेर पडून रस्त्यावर घरंगळत होती. त्या बाईचं कोपर सोललं होतं, मुलगी भेदरून गप्प झाली होती, मोडलं कोणाचं काही नव्हतं. तो माणूस माझ्यावर ओरडला नाही. दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून तो तिथंच उकिडवा बसला आणि म्हणाला, "मालक, लाइट डोळ्यात घुसला. रस्ताच दिसंना." मी म्हणालो, डिपर होता. तो म्हणाला, "असंल. मला नाय दिसला."

त्यांना दवाखान्यात नेलं, मलमपट्टी केली, मोटारसायकलचा वाकलेला हँडल दुसऱ्या दिवशी सरळ करून दिला आणि ते टोळीला जाऊन मिळाले. माझी झोप मात्र गेली.

पुढच्या आठवड्यात मी एक प्रयोग केला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०६ क्रमांकाच्या नियमात एक माप आहे. हेडलाइटपासून आठ मीटर अंतरावर, दिव्याच्या उजव्या बाजूला अर्धा मीटर सरकून, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर एखाद्याचे डोळे असतील, तर ते दिपता कामा नयेत. मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात. आमच्या गोठ्याची भिंत चुन्याने पांढरी केलेली आहे. तिच्यापासून आठ मीटर मोजून जीप उभी केली, भिंतीवर दीड मीटरला खडूने आडवी रेघ मारली आणि अंधार पडल्यावर डिपर लावला. मोकळ्या जीपचा झोत रेघेला शिवत होता. मग मागे बारा क्रेट माती भरून ठेवले. झोत रेघेच्या चार बोटं वर गेला. आणि त्याला कडाच नव्हती. जुन्या काचेत आणि जुन्या परावर्तकात बसवलेल्या एलईडीचा उजेड भिंतभर विखुरला होता. मुलाला रेघेच्या उंचीवर डोळे येतील असं स्टुलावर उभं केलं. त्याने लगेच मान फिरवली. मी तीन वर्षं रस्त्याने जाताना समोरच्या प्रत्येकाला हेच करत होतो.

त्यानंतर मी पासिंगची चौकशी करायला आरटीओत गेलो, कारण २०२२ मध्ये जीपची नोंदणी पुन्हा पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायची होती. तिथल्या मोटार वाहन निरीक्षकांना सगळं खरं सांगितलं आणि विचारलं, की दोन इंच ठेवतो, सगळं नीट बसवतो, लागेल ती फी भरतो, नोंद करून द्या. त्यांनी मला बसवून घेतलं आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून दाखवलं. कंपनीने गाडीचे जे तपशील ठरवून दिले आहेत त्यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या के. जयचंद्र यांच्या खटल्यात यावर शिक्कामोर्तब केलं आहे. परवानगी नसलेला बदल केला तर कलम १८२-अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. वर विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर सापडला तर गाडीची भरपाई अडकते ते वेगळंच. मी म्हणालो, माझी जीप जास्त करून पाणंदीतच असते. ते म्हणाले, लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही वाट कायद्याने सार्वजनिक जागाच असते, पाणंदसुद्धा. त्यांचं एक वाक्य मला लागलं. "तुमची गरज मला दिसते, पण कंपनीचं माप हेच गाडीचं माप. त्याच्यापुढे नोंद करायचा मला अधिकारच नाही."

घरी येऊन मी शॅकल उतरवले, जादा पान काढलं, कंपनीच्या मापाचे टायर आणि जुने बल्ब परत टाकले, आणि गोठ्याच्या भिंतीसमोर स्क्रू फिरवून झोत रेघेच्या खाली आणला. पासिंग झालं. आज माझी जीप पूर्ण कायदेशीर आहे. आणि पावसाळ्यात ती आठवड्यातून एकदा तरी ओढ्याच्या तोंडाशी चढावर बंपर टेकून अडकते.

साहेब, इथे आमच्या जिल्ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. बीडच्या रस्त्यांवर उंच केलेल्या गाड्या दिसतात त्यातल्या बहुतेकांनी पाणंद कधी पाहिलेलीच नसते. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड, टपावर दिव्यांची पट्टी, काचा काळ्या, नंबर वाचता येणार नाही अशी पाटी, सायरनसारखा हॉर्न. वाढदिवसाला अशा दहा गाड्या चौकात आडव्या लावतात. क्रॅश गार्ड बेकायदा आहे हे आपल्या मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सगळ्या राज्यांना कळवलं होतं. तो पादचाऱ्याची हाडं मोडतो आणि टकरीचा मार थेट चॅसीवर घेतो. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये बंदी घातली. हे सगळं ठाऊक असून लोक लावतात, कारण उंच आणि काळी गाडी पाहून समोरचा बाजूला होतो. आमच्या जिल्ह्याने गेल्या काही वर्षांत या धाकाची फार मोठी किंमत मोजली आहे. त्या गाड्यांसाठी मी एका सुताचीही सवलत मागत नाही. उलट त्यांच्यावर कारवाई होत नाही आणि पाणंदीतून दूध घेऊन येणारी जीप अडवली जाते, तेव्हा कायद्यावरचा लोकांचा विश्वास उडतो.

पण उंची हाच गुन्हा धरला तर तेही बरोबर ठरत नाही. २ ऑक्टोबर २०२० रोजी जी नवी थार बाजारात आली, तिची जमिनीपासूनची उंची कंपनीने २२६ मिलिमीटर ठेवली आहे आणि ती पूर्ण कायदेशीर आहे, कारण त्या उंचीला साजेसे ब्रेक, स्टेअरिंग, दिवे आणि तोल यांची चाचणी होऊन मगच ती विक्रीला आली. धोका उंचीत कमी आणि न तपासलेल्या उंचीत जास्त आहे. नव्या थारला लागणारे लाखो रुपये ज्याच्याकडे आहेत त्याला तपासलेली उंची विकत मिळते. माझ्यासारख्या जुन्या जीपवाल्याला ती कोणत्याही किमतीला कायदेशीरपणे मिळत नाही.

आणि कायद्यात दार आहे. ते आपणच २०१९ मध्ये बसवलं. कलम ५२ मध्ये तेव्हा एक परंतुक आलं, की वाहनातल्या बदलांसाठी आणि बाहेरून बसवायच्या सामानासाठी केंद्र सरकार मापं, अटी आणि मंजुरीची पद्धत ठरवून देऊ शकतं, आणि त्या पद्धतीने केलेल्या बदलामुळे कंपनीची वॉरंटीही रद्द ठरणार नाही. त्याच कलमात अपंग व्यक्तीला आपली गाडी स्वतःला चालवता येईल अशी बदलून घेऊन नंतर नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी घेण्याची सोय आहे. सीएनजी किट मंजूर असेल तर बसवता येतं आणि आरसीत नोंद होते. पेट्रोल-डिझेलची गाडी विजेवर करायचं किटही तपासून बसवता येतं. इंजिनाचं इंधन बदलणं हा पाट्यांपेक्षा कितीतरी मोठा बदल आहे. तो सांभाळता येतो, तर दोन इंच का सांभाळता येऊ नयेत?

माझ्या डोक्यात नियमाचं जे चित्र आहे ते कोरडवाहू शेतकऱ्याच्या अकलेचं आहे, तज्ज्ञ ते सुधारतील. मर्यादा ५० मिलिमीटरची असावी, पाटे आणि टायर दोन्ही धरून. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय मार्गदर्शक नियमांनी हीच मर्यादा ठेवली आहे. तेवढ्या उंचीपर्यंत वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही, त्यापुढे मान्यताप्राप्त अभियंत्याची तपासणी लागते. मैलोन्मैल कच्च्या वाटा असलेला देश आहे तो, त्यांनी अनुभवातून ठरवलं असणार. जर्मनीत गाडीचा प्रत्येक मोठा बदल तपासणी संस्थेकडून मंजूर होऊन गाडीच्या कागदांत चढतो, आणि पोलिसाने अडवलं तर मालक तो कागद पुढे करतो. आपल्याकडे मात्र ५० मिलिमीटरलाही तपासणी आणि नोंद सक्तीची ठेवावी, कारण आपली गॅरेजं आणि आपली वाहतूक वेगळी आहे.

किट म्हणून जे विकलं जाईल त्यात फक्त शॅकल आणि पाटा नसावा. लांब ब्रेक होज, वाढीव उंचीचे शॉकअप, अॅक्सलचा कोन परत आणणारी पाचर आणि स्टेअरिंगच्या दांड्याची दुरुस्ती, हे सगळं एकाच खोक्यात, एकाच मंजुरी क्रमांकाखाली असावं. सुट्या भागाला मंजुरी देऊच नये. अर्धं सामान बसवलं की काय होतं ते मी वर सांगितलं. त्या किटची चाचणी पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेत व्हावी. १९६६ पासून ती संस्था हेच काम करते. आणखी एक जागा आमच्या शेजारीच आहे. अहिल्यानगरची व्हीआरडीई. संरक्षण खात्याची ही संस्था लष्कराच्या गाड्या दगडा-चिखलात पळवून पाहते आणि नागरी वाहनांच्या चाचणीसाठीही तिला मान्यता आहे. बालाघाटाच्या पाणंदीत जुनी जीप किती उंच असावी, हे सांगायला तिच्याहून योग्य जागा मला दिसत नाही.

बसवल्यानंतर दिवा. याबाबत मी हट्टी आहे. पाठीमागे भार भरून, आठ मीटरवरून, दीड मीटरच्या रेघेवर झोत तपासल्याशिवाय एकही उंच गाडी पास होऊ नये. मोकळ्या गाडीवर तपासणी करून उपयोग नाही, कारण आमची गाडी मोकळी फिरतच नाही. स्वयंचलित तपासणी केंद्रांत झोत यंत्रावर मोजला जातो, तिथे भाराची अट घालणं अवघड नाही. एलईडीचा बल्ब जुन्या परावर्तकात दिसला की गाडी तिथंच परत पाठवावी. स्पीडोमीटर नव्या टायरप्रमाणे जुळवलेला असावा. मग आरसीत एक ओळ: किती मिलिमीटर, कोणतं किट, कोणत्या तारखेला. बदल झाला की चौदा दिवसांत कळवण्याची पद्धत कायद्यात आधीपासून आहेच. ती ओळ असली की रस्त्यावरच्या हवालदारालाही प्रश्न उरत नाही. टेप लावायची आणि ओळीशी ताडून पाहायची.

ज्याला याहून उंच गाडी हवी, डोंगरात खेळायला किंवा स्पर्धेला, त्याने ती ट्रकवर चढवून मैदानात न्यावी आणि तिथेच चालवावी. माझा त्या छंदावर राग नाही. पण तसली गाडी शाळा सुटायच्या वेळी बसस्टँडसमोर आणायचा हक्क कोणालाही नको.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. तुमच्या पाणंदीच पक्क्या करून देऊ, मग जीप उंच करायची गरज काय? राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून शेत-पाणंद रस्ते हाती घेतले, आणि जिथे ते झाले तिथे लोकांचं जगणं खरंच बदललं. आमचाही रस्ता झाला तर मी जीपला हातसुद्धा लावणार नाही. पण डोंगरपट्ट्यातल्या शेवटच्या वस्तीपर्यंत खडी पोचायला किती पावसाळे जातील, आणि तोवर लोक काय करतील? तेच करतील जे मी केलं होतं. कोपऱ्यातल्या गॅरेजात रात्री जीप उंच करतील आणि पासिंगच्या आदल्या दिवशी शॅकल बदलतील. पासिंगपुरते कंपनीचे टायर भाड्याने मिळतात, साहेब. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तपासणीच्या दिवशी गाडी कायदेशीर असते आणि उरलेली पाच वर्षं नसते.

उलट कोणी असंही समजू नये, की उंच जीप मिळाली म्हणजे पुरात घालायची सोय झाली. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना कोणतीही जीप आत घालू नये, मग ती कितीही उंच असो. चाकाच्या निम्म्याला लागलेलं वाहतं पाणी गाडी बाजूला ढकलतं. आमची मागणी पाणी ओसरल्यानंतरच्या धोंड्यांसाठी आहे.

२०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, असं आपल्याच मंत्रालयाच्या अहवालात आहे. आपण या आकड्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त करता, हे मी अनेकदा ऐकलं आहे. त्यात समोरच्या दिव्याने डोळे दिपून साइडपट्टीवरून घसरलेले किती असतील याचा वेगळा रकाना नसतो. तो माणूस वाचला म्हणून त्याची कुठे नोंदही झाली नाही. यंदाही दसऱ्यानंतर टोळ्या निघतील, त्याच रस्त्याने, त्याच वेळी, आणि समोरून उंच गाड्या येतील.

माझ्या जीपचं पुढचं पासिंग २०२७ मध्ये आहे. काढलेले लांब शॅकल अजून गोठ्यात पडून आहेत. मी ते विकले नाहीत, कारण विकले तर दुसरा कोणीतरी तसेच बसवील. परंतुकाखालचा मसुदा आपल्या मंत्रालयाने हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध केला, तर चाचणीसाठी लागणारी जुनी जीप म्हणून माझी घ्या. अहिल्यानगरला मी स्वतः चालवत आणून देईन, कंपनीच्या उंचीवर, दिवसा.

आपला,
पाटोदा तालुक्यातला एक जीपमालक